किती फुटाला घर सोडलं?

पीएच.डी. करणारा विद्यार्थी म्हटलं की फेलोशिप घेऊन दिवसभर ग्रंथालयात बसणारा पंचविशीतला तरुण डोळ्यांपुढे येतो. सातारा-सांगलीकडे तो क्वचितच भेटतो. आमच्याकडचे बहुतेक संशोधक पस्तिशीच्या आगेमागे असतात. कुणी तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, दोन कॉलेजांत शिकवतो, सकाळी कराडला आणि दुपारी इस्लामपूरला. मधला वेळ एसटीत जातो. कुणी झेडपीच्या शाळेत आहे, कुणी जिल्हा बँकेच्या शाखेत. घरी द्राक्षबाग नाहीतर ऊस, वडिलांची शुगर, मुलीची स्कॉलरशिपची परीक्षा. रात्री सगळी निजानीज झाल्यावर लॅपटॉप उघडायचा, आणि दुसऱ्या प्रकरणात आपण कुठे थांबलो होतो ते आठवेपर्यंत डोळे मिटायला लागतात.

मी अर्थशास्त्र शिकवते आणि अशांची गाइड म्हणून काम करते. कागदावर त्यांच्यासाठी सोय बरीच आहे. यूजीसीच्या २००९ च्या नियमावलीपासून कोर्सवर्क सक्तीचं झालं. २०२२ च्या नियमावलीनुसार किमान तीन वर्षं, कमाल सहा, पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षं मिळतात. नोकरी करणाऱ्याने वरिष्ठांचं ना-हरकत पत्र आणलं की अर्धवेळ नोंदणी होते. कोर्सवर्कचे तास होतात, सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे प्रोग्रेस रिपोर्ट ठेवला जातो. पण एका रिपोर्टपासून दुसऱ्या रिपोर्टपर्यंत त्या माणसाशी त्याच्या विषयावर कुणी एक वाक्य बोललेलं नसतं. घरी कुणाला त्यात रस नसतो, स्टाफरूममध्ये ‘झालं का हो तुमचं?’ एवढंच विचारतात.

म्हणून आम्ही काही गाइड मंडळींनी मुक्कामाचा घाट घातला. शुक्रवारी संध्याकाळी यायचं, कॉलेजच्या वसतिगृहात राहायचं आणि रविवारी दुपारी जेवून परतायचं. एकदा साताऱ्यात, एकदा सांगलीत. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झालं, तेव्हापासून कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तिन्ही जिल्ह्यांची कॉलेजं त्याच्याशी जोडलेली आहेत. त्यामुळे गाइडांची आपसांत ओळख होतीच. मेसचा खर्च वर्गणी काढून भागवतो. गाद्या कमी पडल्या तर आसपासच्या प्राध्यापकांच्या घरून येतात.

सगळ्यांत अवघड काम तारीख ठरवण्याचं. ऑक्टोबर धरला तर तासगाव-मिरजेकडचे म्हणतात, द्राक्षाची छाटणी सुरू आहे, मजूर सोडून येता येणार नाही. जानेवारीनंतर माल काढणीला येतो, मग बेदाण्याची शेड लागते. कारखान्यात नोकरी करणाऱ्याला गळीत हंगामात शनिवार-रविवार नसतो. प्राथमिक शिक्षकांना निवडणुकीचं काम कधी लागेल सांगता येत नाही. विद्यापीठाचं पेपर तपासणीचं वेळापत्रक वेगळंच. कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसलं की या दोन जिल्ह्यांची शेती, साखर आणि सरकार सगळं एका पानावर दिसतं. अर्थशास्त्राच्या वर्गात ‘हंगामी श्रम’ हे प्रकरण मी पुष्कळदा शिकवलं आहे; ते जास्त नीट कळलं या तारखा ठरवताना.

बायकांचा प्रश्न त्याहून वेगळा. नियमात दोन वर्षं जास्त मिळतात, पण दोन रात्री मिळवणं कठीण. ‘कोर्सवर्क आहे’ असं घरी सांगता येतं. ‘सगळे मिळून राहणार आहोत, चर्चा करणार आहोत’ हे सांगितलं की सासरी भुवया उंचावतात. माझ्या एका विद्यार्थिनीच्या सासूबाई पहिल्या खेपेला नातवाला घेऊन स्वतःच आल्या. सून कुठे राहते, कुणाबरोबर जेवते, हे त्यांना बघायचं होतं. शनिवारी दुपारपर्यंत त्या मेसच्या मावशींबरोबर भाकरी थापायला बसल्या होत्या. रात्रीच्या बैठकीत मागच्या सतरंजीवर बसून त्यांनी सगळं ऐकलं. जाताना मला म्हणाल्या, ‘मॅडम, तिला एवढं बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं.’ पुढच्या खेपेला सून एकटी आली.

शुक्रवारी रात्री पिठलं-भाकरी, खर्डा झाला की पहिली बैठक. नियम एकच आहे : स्लाइड नाही, छापलेला कागद नाही. आपला विषय पाच मिनिटांत सांगायचा, आणि सांगायचा तो दुसऱ्या विषयाच्या माणसाला. वाणिज्यवाल्याने भूगोलवालीला, इतिहासवाल्याने प्राणिशास्त्रवालीला. सांगताना बहुतेक जण आधी शीर्षक म्हणून दाखवतात. आमच्या भागातल्या शीर्षकांचा एक साचा ठरलेला आहे. अमुक जिल्ह्यातील निवडक तमुक संस्थांचा चिकित्सक अभ्यास, मग विसर्गचिन्ह, मग विशेष संदर्भ म्हणून एक तालुका, शेवटी वीस वर्षांचा कालखंड. म्हणणारा एका दमात म्हणून टाकतो. ऐकणारी विचारते, ‘बरं, पण यातलं तुम्हाला काय माहीत नाहीये?’ तिथे खोली शांत होते.

उत्तर का येत नाही, याचा मी बराच विचार केला आहे. हुशारी कमी असते असं नाही. तालुक्याचं नाव शीर्षकात आलेलं असतं, कारण फॉर्ममध्ये ‘भौगोलिक व्याप्ती’ असा रकाना असतो. तालुका बदलला तरी प्रबंधात फरक पडू नये, अशीच रचना झालेली असते. जत काढून तिथे खटाव लिहिलं तर शंभर प्रश्नावल्या शंभरच राहतात, पाच पर्यायांचे प्रश्न तेच राहतात, निष्कर्षही जवळपास तेच येतात. ज्या मातीत हा माणूस वाढला, जिथल्या माणसांची भाषा, भांडणं आणि हिशेब त्याला पाठ आहेत, ती माती प्रबंधात शिरतच नाही. मुक्कामाच्या दोन दिवसांत आम्ही खरं तर एवढंच करतो. शीर्षकाच्या शेपटाला लटकलेलं ते गाव ओढून पुढे आणतो आणि प्रश्न त्याच्या मापाचा होईपर्यंत लहान करतो.

इतिहासाच्या एका विद्यार्थ्याचं उदाहरण सांगते. त्याचा विषय होता बेचाळीसच्या चळवळीत सांगली जिल्ह्याचं योगदान. आमच्यातले इतिहासाचे सर, निवृत्तीला आलेले, शांतपणे म्हणाले, ‘अहो, बेचाळीस साली सांगली जिल्हा होता कुठे?’ आणि खरंच नव्हता. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला. त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. त्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या दिवसांत तासगाव, वाळवा ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात होते. कुंडल आणि आटपाडी औंध संस्थानात, आणि औंधात तर १९३९ मध्येच भवानराव पंतप्रतिनिधींनी कारभार लोकांच्या हाती देणारी घटना लागू केली होती. सांगली शहर पटवर्धनांचं, जत डफळ्यांचं. १९४३ च्या जुलैत वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार ज्या तुरुंगातून तटावरून उड्या टाकून निसटले, तो सांगलीचा.

विद्यार्थी दोन तास गप्प होता. आपला जिल्हाच गेला असं त्याला वाटलं. शनिवारी सकाळी चहाच्या वेळी तोच म्हणाला, ‘सर, म्हणजे भूमिगत माणूस रात्री एका गावातून पलीकडच्या गावात गेला की राज्य बदलत होतं. मग पोलीस कुठवर मागे येत होते?’ सर हसले. अख्ख्या जिल्ह्याचं ‘योगदान’ बाजूला पडलं आणि हातात आली ब्रिटिश मुलूख आणि संस्थान यांच्यामधली काही मैलांची हद्द. १८८५ चं साताऱ्याचं गॅझेटियर आणि १९६९ चं सांगलीचं, दोन्ही शेजारी ठेवून त्याने नकाशे जुळवायला घेतले. ब्रिटिश मुलखाचे कागद एकीकडे, संस्थानांचे दुसरीकडे, त्यामुळे काम वाढलं. पण आता कुठले कागद मागायचे हे त्याला ठाऊक झालं होतं.

साताऱ्यातल्या मुक्कामात रविवारी सकाळी आम्ही सगळे राजवाड्याकडे चालत जातो. तिथल्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सरकारी शाळेत, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आमच्या लोकांना शाळा ठाऊक असते, फोटोही काढलेले असतात. तिथे उभं राहून मी त्यांच्याशी कोलंबिया विद्यापीठातल्या बाबासाहेबांच्या प्रबंधाबद्दल बोलते. तो १९२५ मध्ये पुस्तकरूपाने छापला गेला. भारताच्या दारिद्र्याचा किंवा ब्रिटिश राजवटीचा चिकित्सक अभ्यास असं त्याचं नाव नाही. मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली, १८३३ पासून १९२१ पर्यंत, एवढाच तो विषय. पण त्या एका वाटणीतून राज्यकर्त्यांच्या जबाबदारीचा सबंध प्रश्न उभा राहतो. ज्या माणसाला सांगण्यासारखं एवढं होतं, त्यानेही आधी विषयाला कुंपण घातलं, हे त्या फाटकापाशी सांगितलं की मनात उतरतं.

परतताना रस्त्यात कुणीतरी कर्मवीरांचा विषय काढतंच. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली आणि सगळ्या जातींची मुलं एका बोर्डिंगात ठेवली. १९२७ मध्ये गांधीजींनी त्या बोर्डिंगला राजर्षी शाहूंचं नाव दिलं. पाणी भरणं, स्वयंपाक, झाडलोट मुलांनीच करायची. एका पंक्तीत जेवणं आणि एका छपराखाली निजणं हा तिथे शिक्षणाचाच भाग होता. आमच्या मुक्कामाची त्याच्याशी बरोबरी करणार नाही. तिथली मुलं घर सोडून शिकायला आली होती, आमचे लोक घर बरोबर घेऊन येतात. दर तासाला फोन वाजतो. तरीसुद्धा कायम नोकरीतला प्राध्यापक आणि तासावर काम करणारा शिक्षक एकाच खोलीत गादी टाकून झोपले की दुसऱ्या दिवशी चर्चेचा सूर बदलतो. पगार विचारून एकमेकांना ‘सर’ म्हणण्यातलं अंतर थोडं कमी झालेलं असतं.

शनिवारची रात्र वाङ्मयचौर्याला दिलेली असते. २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढे पायऱ्या आणि शिक्षा. संशोधननीतीचा पेपरही कोर्सवर्कमध्ये आहे. मुलांना टक्केवारीची भीती असते, चोरीची तेवढी नसते. सॉफ्टवेअरला छपाईतलं जुनं मराठी पुस्तक दिसत नाही, कारण ते त्याच्या साठ्यात नसतं. तेव्हा यंत्राला फसवणं सोपं आहे, हे मी आधीच सांगून टाकते. ठरावीक रकमेत प्रकरणं लिहून देणारे आणि प्रश्नावल्या घरबसल्या भरून देणारेही असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. एका रात्री एकजण फार मोकळेपणाने म्हणाला, ‘मॅडम, सीएचबीवाल्याला हा खर्च परवडतो, रजा परवडत नाही.’ त्यावर नीतीचं व्याख्यान देऊन भागत नाही. एवढंच सांगता येतं, की ज्या प्रश्नाचं उत्तर बाहेरचा माणूस बसल्या जागी बनवून देऊ शकतो, तो प्रश्नच कच्चा आहे. विट्याकडच्या गलाईवाल्यांवर काम करणारा एक विद्यार्थी तिथे बसला होता. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत; त्याचा सख्खा मामा तामिळनाडूत दुकान चालवतो. परगावचं दुकान गावाकडच्या कोणत्या पोराच्या हाती द्यायचं हे घरात कसं ठरतं, हा त्याचा प्रश्न. तो म्हणाला, ‘माझ्या प्रश्नावल्या कुणी खोट्या भरल्या तर मामाच पकडेल.’ नीतीचा पेपर त्या वाक्याने निम्मा झाला.

सांगलीच्या मुक्कामात विषय कुठूनही निघाला तरी पाण्यावर येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. १८६९ पासूनच्या नगर वाचनालयातली किती तरी जुनी पुस्तकं त्या पुरात गेली. ज्यांचे संदर्भ तिथे होते, त्यांना तो पूर म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. माझी एक विद्यार्थिनी पुराचा कुटुंबांवरचा आर्थिक परिणाम या विषयावर काम करत होती. तिच्या प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न : पुराचा आपल्या कुटुंबावर परिणाम झाला का? पर्याय पाच, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत.

शनिवारी संध्याकाळी आम्ही तिला पुलाकडे घेऊन गेलो. तिथे जमलेल्या माणसांशी दहा मिनिटं बोललं तरी कळतं की सांगलीकर पूर दिवसांत मोजत नाही, फुटांत मोजतो. अमुक फुटाला सूर्यवंशी प्लॉटात पाणी येतं, मग दत्तनगर, मग कर्नाळ रोड, पुढे कुठला चौक, कुठली पेठ, हे लोकांना तोंडपाठ असतं. पावसाळ्यात सकाळचा पहिला प्रश्न ‘पातळी किती?’ हाच. तिथल्या तिथे भूगोलाच्या मॅडम म्हणाल्या, ‘अगं, हे लोक तुला मोजपट्टी फुकट देतायत. किती फुटाला घर सोडलं, एवढंच विचार.’

त्या एका प्रश्नाने तिचा सगळा अभ्यास फिरला. घर सोडण्याची पातळी आणि घरात पाणी शिरण्याची पातळी यांच्यात जे अंतर पडतं, त्यात बरंच काही येतं. घरात म्हातारं माणूस आहे का, जनावरं आहेत का, वरचा मजला आहे का, जायला नातेवाईक कुठे आहेत, २००५ चा पूर पाहिलेला आहे का. ज्यांनी २००५ पाहिला होता, त्यांतले काही ‘तेव्हा इथवर आलं नव्हतं’ या हिशेबाने थांबून राहिले, असं लोकच सांगत होते. सहमत-असहमतच्या खुणांतून हे कधीच निघालं नसतं. रात्री वसतिगृहाच्या जिन्यात बसून तिने जुनी प्रश्नावली खोडली. दुसऱ्या दिवशी उठली तेव्हा तिच्याकडे सात प्रश्न होते.

रविवारी दुपारच्या शेवटच्या बैठकीला आम्ही आता बाहेरची माणसं बोलावतो. ज्यांच्यावर अभ्यास चालला आहे, त्यांच्यातलीच. बेदाण्याच्या शेडचा मालक, येरळाकाठच्या पाणीवाटपाच्या लढ्यातला जुना कार्यकर्ता, पतसंस्थेचा निवृत्त सचिव. ही कल्पना काही सहकाऱ्यांना आवडली नव्हती. व्हायवाला बाहेरचे परीक्षक येतातच की, असं त्यांचं म्हणणं. पण परीक्षक शीर्षकाच्या साच्याला सरावलेले असतात. ही माणसं सरावलेली नसतात.

सांगलीच्या पुढच्या मुक्कामाला पूरपट्ट्यातल्या एक आजी आल्या होत्या. पुरावर काम करणाऱ्या त्या विद्यार्थिनीने आपलं काम सांगितलं. फूट सांगितले, गल्ल्या सांगितल्या, कोण कधी निघालं ते सांगितलं. आजींनी नीट ऐकलं आणि म्हणाल्या, ‘पोरी, हे समदं आमाला ठावंच हाय की. मग तू नवीन काय काढलंस?’

मी इतके सिनॉप्सिस ऐकले, इतक्या समित्यांत बसले. याहून नेमका प्रश्न कुणी विचारलेला मला आठवत नाही. पोरगी गोंधळली, पण बसली नाही. थोडं थांबून तिने उलट विचारलं, ‘आजी, तुमच्या गल्लीत भाड्यानं राहणारी बिऱ्हाडं किती फुटाला निघाली?’

आजी विचारात पडल्या. मालकांची घरं त्यांनी बोटांवर मोजून सांगितली होती. भाडेकरूंचं काही आठवेना. ‘त्येंचं न्हाई बा ठावं,’ त्या म्हणाल्या. ‘कवा गेली, कुठं गेली, कुणी इचारलंच न्हाई.’

खोलीतल्या प्रत्येकाला कळलं की हिचा प्रबंध इथून सुरू होतो. या विषयात सगळ्यांत जास्त जाणणारा माणूस जिथे ‘मला ठाऊक नाही’ म्हणतो, तिथून. तिच्या पुढच्या प्रोग्रेस रिपोर्टमध्ये जिल्हा गेला, चिकित्सक गेलं, निवडक गेलं. राहिली फक्त पूरपट्ट्यातली भाड्याची बिऱ्हाडं आणि पुलावरचे फूट. समितीत एकाने विषय फार लहान झाला अशी हरकत घेतली. तिने त्यांना तुम्ही किती फुटाला निघालात ते विचारलं. ते सांगलीचेच होते. त्यांनी लगेच आकडा सांगितला. आणि तुमचे भाडेकरू? यावर ते काही बोलले नाहीत, आणि विषय मंजूर झाला.

मुक्कामाला येणारे सगळे पीएच.डी. होतात असं नाही. काही जण दुसऱ्या खेपेनंतर येत नाहीत, काही नोंदणी रद्द करतात, आणि आपल्याला हे नको आहे हे वेळेत कळणंही मला वाईट वाटत नाही. पण आता नवीन विद्यार्थी शीर्षक घेऊन माझ्यासमोर बसला की मी त्याला दोनच गोष्टी लिहून आणायला सांगते : या बाबतीत तुमच्या पंचक्रोशीत सगळ्यांत जास्त कुणाला कळतं, आणि त्या माणसाला काय माहीत नाही. पहिल्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी येतं. दुसऱ्यासाठी त्या माणसाच्या ओट्यावर जाऊन बसावं लागतं, आणि तिथे जाऊन आलेला विद्यार्थी पुढच्या मुक्कामाची तारीख स्वतःहून विचारतो.